डंडॉकच्या पोरीची घडी

आमच्या घरात 'डंडॉक' हा शब्द आला तो चादरीच्या घडीबरोबर. ते आयर्लंडमधलं एक गाव आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. घडी वेडीवाकडी झाली की अण्णा, म्हणजे माझे वडील, चादर उलगडून पुन्हा आमच्या अंगावर टाकायचे. "डंडॉकच्या पोरीसारखी घाल. कोपऱ्याला कोपरा." आम्ही तिघी बहिणी त्या न पाहिलेल्या पोरीच्या नावाने बोटं मोडायचो.

अण्णा महायुद्धात इंग्लंडला होते, ब्रिटिशांच्या एका फायटर स्क्वाड्रनमध्ये वैमानिक. त्रेचाळीस साली विमान पेटलं, त्यांनी उडी मारली आणि पॅराशूट उघडलं. वय बावीस. ही गोष्ट आम्ही हजारदा ऐकली, तीही जेवताना. पॅराशूटच्या घड्या घालणाऱ्या मुलींत एक डंडॉकची होती. "उघडलं नाही तर परत आणा, बदलून देते," असं ती प्रत्येकाला म्हणायची म्हणे. उडीत पाय मोडला, अण्णा इस्पितळात गेले, तिथून परस्पर बदली झाली आणि आभार मानायचे राहिले. ते त्यांना शेवटपर्यंत खुपत होतं.

आता योग बघा. माझी लेक, पूर्वी तिचं नाव, नोकरीला लागली ती नेमकी डंडॉकला. मी सत्त्याहत्तरची, गुडघे कुरकुरतात, इथला वारा तर थेट हाडांत शिरतो, तरी आले. पूर्वीने ऑफिसात चहा पिताना आमच्या घडीची गंमत सांगितली, तर शेजारी बसणारी मुलगी म्हणाली, "माझी पणजी तेच काम करायची. पण त्याबद्दल बोलत नाही ती."

पणजी एकशे दोन वर्षांची, वृद्धाश्रमात राहणारी; तिच्या जुन्या कागदांवर स्क्वाड्रनही अण्णांचीच निघाली. युद्धात आयर्लंड तटस्थ होतं, इंग्रजांवरचा राग जुना. इंग्रजांच्या चाकरीत राहून आलेली मुलगी ब्रिटिश सरहद्दीवरच्या गावात ते मिरवणार थोडीच? म्हणून गप्प राहिली, असं घरच्यांचं मत.

"आई, इमोशनल ड्रामा नको हं," गाडीत पूर्वीने बजावलं. "त्या नको म्हणाल्या तर चहा घ्यायचा, इथल्या लोकांसारखं 'सगळं ग्रँड', म्हणजे छान, म्हणायचं आणि निघायचं. प्लीज."

"मी काय नाटक कंपनीतून आले आहे?" मी म्हटलं. पण शनिवारी माझं परतीचं विमान होतं, आणि या वयात ना मला, ना त्या पणजीला पुढच्या वर्षाचा भरवसा होता. अण्णांचं राहिलेलं काम आज झालं तर झालं.

पणजी, म्हणजे मिसेस मॅकार्डल, खिडकीपाशी बसल्या होत्या. चिमणीएवढ्या, पण नजर कशी तरतरीत. प्रवासावर बोलून झालं, पावसावर झालं, बिस्किटं खाऊन झाली. मग मी माझ्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत स्क्वाड्रनचा विषय काढला, आणि त्यांचं हसू गेलं.

"ते नको, बाई. दुसरं काहीही विचारा."

पूर्वीने माझा कोपरा दाबला. मी कसली ऐकते!

"माझ्या वडिलांचं उघडलं," मी म्हटलं. "तुम्ही किंवा तुमच्या टेबलावरच्या कुणीतरी घडी घातली होती. ते उघडलं म्हणून मी जन्माला आले. त्यांना तुमचे आभार मानायचे होते, ते मी मानायला आलेय."

त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

"एका मुलाचं उघडलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातचं. ते आधीच जळलं होतं, तुझी चूक नाही, असं साहेबांनी सांगितलं. पण सांगायला आले ना! उघडलेलं सांगायला माझ्याकडे कधी कोणी आलं नाही. कोणी इस्पितळात, कोणी कैदेत."

म्हणजे गप्प राहण्याचं कारण गाव नव्हतंच. मला भरून आलं.

"कुठे उतरला?" त्यांनीच विचारलं.

"कोबीच्या शेतात. घोटा मोडला. जन्मभर लंगडायचे."

"पाय जुळवून धरले नसतील," त्या फाडकन म्हणाल्या. "तो दोष माझा नव्हे."

मला हसू फुटलं, मग त्यांनाही. "पुढे?" त्या म्हणाल्या.

पुढचं काय सांगायचं? लग्न केलं, तीन मुली झाल्या, कॉलेजात गणित शिकवलं, भाजीवाल्याशी रोज हुज्जत घातली. त्या कान देऊन ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "आणि केस? डोक्यावर राहिले होते का?"

"छे हो! पंचेचाळिशीतच टक्कल. मग कवळी आली. मग कानाला यंत्र. ते काढून ठेवायचे आणि ऐकू येत नाही म्हणून आमच्यावरच ओरडायचे. वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी गेले, झोपेतच."

"टक्कल," त्या पुटपुटल्या. "कवळी." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "माझ्या डोळ्यांपुढे सगळी पोरं बाविशीचीच राहिली गं. एक तरी म्हातारा झाला."

आम्ही दोघी रडलो, अगदी मोकळेपणी. मग त्यांनी डोळे पुसले आणि खुर्ची माझ्याजवळ ओढायला सांगितली.

"आणखी काय काय कटकटी करायचा तो?" त्या म्हणाल्या. "सगळ्या सांग."