येतोच

आतल्या खोलीत झिप ओढल्याचा आवाज झाला. खर्रर्र… मध्येच अडली… आणि मग हिसका देऊन पुन्हा, खर्र.

बाहेर टेबलाभोवती चौघं बसली होती. आवाज चौघांनीही ऐकला, पण मान कुणी वर केली नाही. उंचीमुळं लांबू म्हणवला जाणाऱ्या मित्रानं लॅपटॉपवरच्या फोटोतला डोंगर उगाचच मोठा केला, पुन्हा लहान केला.

ताईला, म्हणजे त्या घरच्या बाईला, तो आवाज कशाचा ते कुणी सांगायला नको होतं. कपडे उसवून नीट करून देणं हा तिचा धंदा. खिडकीखाली मशीन, मशीनशेजारी लोकांच्या पँटींचा ढीग. पण ही झिप, तिच्या धाकट्या भावाच्या जुन्या जाकिटाची, तिनं डोळे मिटून ओळखली असती. झिपचा रनर, वरखाली सरकणारी कडी, छातीपाशी अडायचा, आणि भाऊ तो हळूच सोडवायचा सोडून हिसका द्यायचा. “अरे रेड्या, दात पडतील तिचे!” ती ओरडायची. “पडू देत. दातवाली आहे की आपल्याकडे,” असं त्याचं उत्तर तयार.

दातवाली म्हणजे त्याची मैत्रीण, दातांची डॉक्टर. ती समोरच बसली होती, बशीतल्या बिस्किटाचा बारीक भुगा करत.

“पोरगी आहे आत,” ताईचा नवरा अखेर म्हणाला. “कपाट उघडलं असेल.”

“हो, दुसरं कोण असणार,” लांबू म्हणाला, आणि आपण हे बोललो नसतो तर बरं झालं असतं असा चेहरा करून पुन्हा डोंगर लहान केला.

दुसरं कोण असणार, ते सगळ्यांच्याच मनात होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी ही मंडळी, ताईच्या भावासकट, नेहमीसारखी स्नोबोर्ड घेऊन डोंगरावर गेली होती. भाऊ कायम सगळ्यांच्या मागून उतरायचा. कुणी आपटलं तर उचलायला मागं माणूस नको का, असं म्हणायचा. म्हणून त्याचं नाव शेपूट. त्या दिवशीही त्यानं माथ्यावरून हाक दिली, “व्हा पुढं, मी येतोच!” ताई खाली पोचली, बोर्डचे पट्टे सोडले, वळून पाहिलं, तर डोंगराचा अख्खा खांदाच जागेवर नव्हता. नुसता पांढरा धुरळा. नंतर शोधणारी माणसं आली, कुत्री आली. वसंत आला, उतारावर गवत उगवलं. तो मिळाला नाही. खालच्या घळीत बर्फ इतकं खोल आहे की ते उन्हाळ्यातही वितळत नाही, असं तिथली माणसं म्हणाली, आणि आपापल्या कामाला लागली.

हे जुनं जाकीट मागं राहिलं, कारण त्या वर्षी त्यानं नवीन घेतलं होतं.

तेव्हापासून या घराला एक खोड लागली. इथून निघताना कुणी ‘येतो’ म्हणत नसे. आणि ‘जातो’ तर आपल्यात म्हणतच नाहीत. मग राहिलं काय? लोक दारात अवघडून उभे राहायचे, चपला दोनदोनदा घालायचे, “बरं मग,” “चला तर,” असं काहीतरी पुटपुटायचे आणि चोरासारखे जिना उतरायचे. कुणी ठरवून हे केलं नव्हतं. एकदा लांबूच्या तोंडातून ‘येतो’ अर्धं बाहेर आलं, ताईच्या हातातला पेला निसटला, तेवढ्यावरून सगळे शिकले.

“ताई,” लांबूनं आता घसा खाकरला, “किती दिवस आपण असं भिंतींना टेकून बसायचं? बोर्डांवर कोळी घर करतायत. त्याला आवडलं असतं का हे? दोन जागा काढल्यात. हा जवळचा, उतार अगदी बाळबोध. हा लांबचा, विमानानं जावं लागेल, पण बर्फ पिठासारखं.”

“जवळचाच बरा,” नवरा म्हणाला. “माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत.”

“भाऊजी, तुमचे गुडघे आधी कधी ऐकत होते? तुम्ही तर बसूनच उतरायचात.”

“बसून उतरतो, पण पोचतो. तुझे पाय खाली पोचतात आणि तू अर्ध्या तासानं.”

दातवाली हसली. ताईही हसली. बऱ्याच दिवसांनी त्या टेबलाशी हसणं आलं होतं, नवीन पाहुण्यासारखं बिचकत. तेवढ्यात आतून पुन्हा खर्रर्र… खर्र. हसणं आलं तसं निघून गेलं.

“तू सांग, ताई,” दातवाली हळूच म्हणाली. “तू बोट ठेवशील तो डोंगर. आम्ही काही बोलणार नाही.”

तिसऱ्या डोंगराचं नाव कुणीच काढलं नव्हतं. पण टेबलावर तोच तर पसरला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आणि ताईच्या मनात काय होतं ते ती कुणाला सांगणार? तिनं घराचं कुलूप बदललं नव्हतं, कारण एक किल्ली भावाकडे होती. मोठं घर बघू या, असं नवऱ्यानं सुचवलं की ती पोरीच्या शाळेचं निमित्त पुढं करायची. त्याच डोंगरावर जायचं, तर कुठल्या छातीनं? बोर्डखाली बर्फ करकरलं की पायाखाली कोण आहे, हाच विचार यायचा. आणि दुसरीकडे जायचं, तर तो येतोच म्हणून मागं थांबलेला. आपण पुढं व्हायचं ते त्याच डोंगरावरून पुढं. डोंगरच बदलला, की हाकेचा धागा तुटला. शिवणारणीला हे कळतं. टाका सुटला की आधी काहीच दिसत नाही, मग सबंध बाही हातात येते.

वेड आहे हे, तिला ठाऊक होतं. ठाऊक असून वेड जातं थोडंच!

आतल्या खोलीचं दार कुरकुरलं आणि जाकीट बाहेर आलं.

क्षणभर तिला तसंच दिसलं. निळं जाकीट, आपलं आपण चालत येणारं. बाह्या जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या, कॉलर वरपर्यंत बंद, आणि वर तोंडच नाही. लांबूची खुर्ची मागं सरकली. मग कॉलरीतून केसांचा एक शेंडा आला, दोन डोळे आले.

“मला गरम होतंय,” जाकीट म्हणालं.

“बटण!” नवरा उठला. पोरीचं हे नाव मामानंच ठेवलेलं, ती जन्मली तेव्हा बटणाएवढी होती म्हणून. “कुणी सांगितलं गं कपाटात हात घालायला?”

“कुणी नाही. तुम्ही बर्फात चाललाय ना? मीपण येणार.”

“पुढच्या वर्षी. तू मोठी झालीस की.”

“मी मोठीच आहे. हे बघा, मला होतंय.” तिनं एक बाही हलवून दाखवली. बाहीच्या टोकानं टेबलावरचं बिस्किट खाली पाडलं.

कुणीतरी हसायला हवं होतं. दातवाली पाणी आणायला म्हणून आत गेली आणि नळ सोडून तिथंच उभी राहिली.

नळाचं पाणी वाहत राहिलं. ताई त्या रिकाम्या बाहीकडे बघत होती. या पोरीला बर्फात न्यायचंच असेल तर कुठल्या बर्फात न्यावं? हा प्रश्न तिनं आजवर स्वतःला विचारलाच नव्हता. तिनं हात लांब केला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर, जवळच्या डोंगराच्या पायथ्याशी, बोट टेकवलं.

“हा.”

“नक्की?” नवऱ्यानं विचारलं.

“नक्की. आणि बटणालाही घ्यायचं.”

बस्स, एवढंच. छत कोसळलं नाही. लांबूनं इतका मोठा श्वास सोडला की बिस्किटाचा भुगा उडाला. मग सगळे एकदम बोलायला लागले, लिफ्टबद्दल, छोट्या बोर्डबद्दल, बटणाला कोण धरणार त्याबद्दल. “मी धरतो, माझ्या मांडीएवढी तर आहे,” लांबू म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर कधीचं गेलेलं रक्त परत आलं होतं. दातवालीही डोळे पुसून बाहेर आली आणि पर्स उचलली. लांबूनं बूट चढवले, दार उघडलं, आणि त्या मोकळ्या झालेल्या मनाच्या भरात सहज म्हणून गेला,

“चल ताई, येतो गं!”

म्हणाला आणि तिथंच थिजला.

पण तिच्या हातातून काही पडलं नाही. हातात काही नव्हतंच. “या,” ती म्हणाली.

जिन्यावरची पावलं विरली. नवरा कपबशा आत नेऊ लागला. ती पोरीसमोर गुडघ्यांवर बसली आणि झिप उतरवू लागली. रनर छातीपाशी अडला. तिनं हिसका दिला नाही. बोटानं कापड ताणून धरलं आणि चाचपू लागली.

“आई, लांबू चाललाय ना? मग येतो का म्हणाला?”

“तसंच म्हणायचं असतं, सोन्या. जातो म्हणू नये. जाताना येतो म्हणावं.”

“का?”

“म्हणजे माणूस परत येतो.”

पोरीनं कॉलरीतून हनुवटी वर काढली. विचार करताना तिचे ओठ मामासारखे एका बाजूला जायचे.

“मामापण येतोच म्हणाला होता ना, तिथं वर?”

“हो.”

“मग आपण दुसऱ्याच डोंगरावर असलो, तर तो येणार कुठं?”