फरक आढळला नाही

मी बोलतोय, कोपऱ्यातला प्रिंटर. इकडेतिकडे काय बघताय, मोडक्या व्हीलचेअरला टेकलेला मीच तो. जन्मभर माणसांनी मला थोपटलं, थापडलं, शिव्या घातल्या. सगळं ऐकून घेतलं. आज माझी पाळी.

जन्म कारखान्यात. शिक्षण अर्धवट: पोटातून गेलं तेवढंच वाचलं, आणि रंग कधी शिकलोच नाही. पहिली नोकरी इस्पितळाच्या कचेरीत, रजेच्या अर्जांची. एका कारकुनाची आजी मी इतक्यांदा वारलेली छापली, की शेवटी मलाच भरून आलं आणि शाई सांडली. एखादा साहेब घाईत असला की मी हमखास कागद अडकवायचो. तो वाकून माझ्या पोटात हात घालायचा, आणि पांढऱ्या बाहीची वाट लागायची. दिवस कसा मजेत जायचा.

मग मला फिजिओथेरपी विभागात हलवलं. तिथे व्यायाम शिकवणारी एक बाई होती, सगळे तिला ताई म्हणत. तिचे बाबा एकदा न्हाणीघरात पडले, तेव्हापासून म्हाताऱ्यांचा तोल सावरावा म्हणून तिने एक व्यायाम बसवला होता: कठड्याला धरून एका पायावर उभं राहायचं, मग हळूच हात सोडायचा. विभागात सगळे त्याला ‘बगळा’ म्हणत. निम्म्या म्हाताऱ्यांना तिने बगळा दिला, निम्म्यांना नुसतं चालायला लावलं, आणि कोण किती पडतं ते वर्षभर टिपलं.

आता याचा लेख आरोग्यशास्त्राच्या नियतकालिकाला पाठवायचा होता. मी म्हटलं, असेल आणखी एक अर्ज. पण पानं पोटातून सरकू लागली आणि माझी मस्करी जागीच थिजली. प्रस्तावनेत काय लिहायचं, तर आम्हाला काय ठाऊक नव्हतं ते. पद्धत इतकी बारकाईने सांगायची, की दूरच्या कुणा परक्याने तसंच करून बघावं आणि हवं तर आम्हाला खोटं पाडावं. अहो, स्वतःला पकडायची वाट स्वतःच आखून द्यायची! मग काय आढळलं ते, त्यात आपलं मत घुसडायचं नाही. शेवटी चर्चा, आणि चर्चेच्या पोटात ‘मर्यादा’: आम्ही कुठे कमी पडलो, काय राहून गेलं. एवढे कागद छापले, पण आपली खोट आपल्याच नावाखाली लिहिणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली. मोटर गरगरायची विसरली माझी.

ताईने मात्र एक घोळ घातला होता. आकडे यायच्या आधीच शेवटचा निष्कर्ष लिहून ठेवला होता: ‘या व्यायामाने पडण्याचं प्रमाण बरंच घटलं,’ आणि टक्क्यांची जागा कोरी. बाजारात तुरी, त्यातली गत. आकडे आले. बगळेवाले जितके पडले, तितकेच चालणारेही पडले.

ताईच्या मोठ्या सरांना पाठीमागे सगळे ‘रंगारी’ म्हणत, कारण कुठल्याही भिंतीला ते रंग देऊ शकत. ते म्हणाले, सत्तरीच्या आतल्या बायकांत आकडा जरा बरा दिसतोय, तोच वर घ्या आणि ‘आशादायक’ म्हणा.

"हात दाखवून अवलक्षण कशाला करायचं?"

ताईने मान डोलावली. आशादायक प्रत मीच छापली, काय करणार.

तेवढ्यात बाबा आले, तिचा घरी राहिलेला चष्मा घेऊन. माझ्या तोंडातलंच पान उचलून वाचू लागले.

"आशादायक म्हणजे काय गं? उद्या सकाळी बगळा करू का नको?"

ताई चष्मा पुसत बसली.

"रोज बेसिनपाशी उभा राहतो. तुझी आई हसते. सरळ सांग की."

"बाबा, नुसते फिरायला गेला असतात तरी तेवढंच झालं असतं."

बाबांनी पान माझ्या डोक्यावर ठेवलं. म्हणाले, "म्हणजे वर्षभर फुकट बगळा झालो. आईला बोलू नकोस. पण बाकीच्या म्हाताऱ्यांना सांगून टाक, त्यांच्याही बायका हसत असतील."

ते गेल्यावर ताईने ‘आशादायक’ खोडलं. लिहिलं: ‘चालण्याच्या तुलनेत या व्यायामाने फरक आढळला नाही.’ बायकांचा आकडा वरून काढून लेखाच्या शेवटाकडे टाकला, सोबत कबुली की तो निव्वळ योगायोगही असेल. स्वतःच्या लेकरासारखा वाढवलेला व्यायाम, आणि त्याच्याबद्दल तिने असं एका दमात लिहिलं. मी बघत होतो.

रंगारी कळवळले. "अगं, माझंही नाव आहे त्यावर."

"म्हणूनच तुमची सही हवी आहे, सर."

सर खिडकीपाशी जाऊन सगळी पानं वाचत राहिले. परत आले, एक स्वल्पविराम हलवला, कारण काहीतरी हलवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, आणि सही केली.

लेख गेला. मागोमाग मीही गेलो, अडगळीच्या या खोलीत. माझ्या जागी रंगीत छापणारा आलाय. नियतकालिकाचं उत्तर अजून नाही. न जमलेल्या व्यायामाला जागा देतात का, मला अडाण्याला काय कळणार? पण ती पानं माझ्यातून गेलीत, अजून अंग शहारतं. तेव्हा एवढं करा, उत्तर आलं की दार ढकलून मला सांगा. घेतला तर घेतला म्हणा, नाही तर नाही म्हणा. बरं वाटावं म्हणून गोड करून मात्र सांगू नका.