परचुरे आजोबांचा सत्कार

पालकसभेत सुरुचीताईंनी जो डाव टाकला, त्याला तोड नव्हती. सकाळी शाळेसमोरचा रस्ता मुलांना ओलांडून द्यायला दोन-तीन मोठी माणसं हवी आहेत, असं त्यांनी आधी सरळ सांगून पाहिलं. सांगताक्षणी वर्गातल्या सगळ्या माना देवळात वाकाव्यात तशा मोबाइलवर वाकल्या. मग ताई गोड आवाजात म्हणाल्या, "बरं, ज्यांना सकाळी अजिबात वेळ नाही त्यांनी हात वर करा." धडाधड हात वर गेले. तिघांचे तेवढे खाली राहिले.

पहिली वल्लरी. ती हिंजवडीच्या एका कंपनीत होती आणि साहेबाच्या मेसेजला उत्तर देण्यात गुंतल्यामुळे तिला काही ऐकूच गेलं नव्हतं. दुसरा उत्तरेश्वर. तो धाराशिवकडचा, कारखान्यात रात्रपाळी करणारा, आणि बाकावर डोकं टेकून शांत झोपलेला. तिसरे गोपाळकृष्ण परचुरे. त्यांनी सगळं नीट ऐकलं होतं. पण निवृत्त माणसाने वेळ नाही म्हणून हात वर करणं म्हणजे शुद्ध थाप, आणि थाप मारायचीच तर इतक्या किरकोळ कामासाठी कशाला, असा विचार करून ते हाताची घडी घालून बसले होते.

"अभिनंदन," सुरुचीताई म्हणाल्या आणि तिघांच्या गळ्यात 'पालक स्वयंसेवक' असं लिहिलेले बिल्ले अडकवून मोकळ्या झाल्या.

खरं तर परचुऱ्यांचं वारज्याशी तोवर अजिबात जमलेलं नव्हतं. जन्म गेला शनिवार पेठेत. घराबाहेर पाऊल टाकलं की चार ओळखीचे भेटत आणि त्यातल्या दोघांशी तरी वाद घालता येई. इकडे आले ते केवळ नातवासाठी. मुलगा आणि सून दोघं नोकरीवाली, तेव्हा सलिलला शाळेत सोडायला-आणायला घरचं माणूस हवं, म्हणून आजी-आजोबांनी पेठेतलं बिऱ्हाड मोडलं. वारज्याच्या त्या उंच इमारतीत लिफ्टमध्ये लोक एकमेकांच्या बुटांकडे बघत उभे राहत. परचुऱ्यांना वाद घालायलाही कोणी मिळेना.

ती सोय शाळेसमोरच्या कोपऱ्याने केली. हातात लाल झेंडी, तोंडात शिट्टी, समोर अंगावर येणाऱ्या दुचाक्या. परचुऱ्यांना जणू नवी पेठच सापडली. झेंडी दिसूनही हॉर्न वाजवणाऱ्याला ते शांतपणे विचारत, "घरी दूध उतू चाललंय का?" झेंडीच्या पुढे चाक आणणाऱ्याला सांगत, "तुम्हीही या, हात धरून पलीकडे सोडतो." महिन्याभरात दुचाकीवाले लांबूनच वेग कमी करू लागले. अपघाताला ते भीत नसत, पण सकाळी सकाळी अपमान कोणाला हवा असतो?

रस्त्याच्या पलीकडे बांधकामावरच्या लोकांची वस्ती होती. तिथल्या आया भल्या पहाटे कामावर निघून जात. त्यामुळे मुलं एकटी शाळेला यायची, किंवा रस्त्याला घाबरून यायचीच नाहीत. परचुरे उभे राहू लागले तशी ती रोज येऊ लागली. उत्तरेश्वर पाळी संपवून तांबारलेल्या डोळ्यांनी परस्पर कोपऱ्यावर येई. वल्लरी तिची कंपनीची बस येईपर्यंत थांबे. पण मुलं चिकटायची ती परचुऱ्यांना. सोनू नावाची एक चिमुरडी तर त्यांचं बोट सोडायलाच तयार नसे. पलीकडे पोचल्यावरही तिला दोनदा सांगावं लागे. ती सकाळची वेळ त्या माणसाच्या दिवसाचा जीव होती, हे त्यांनी कधी कोणापाशी कबूल केलं नाही. आनंदीबाईंना, त्यांच्या बायकोला, ते न सांगताच कळत होतं.

मग जूनमध्ये मुलाची बदली बंगळूरला झाली. सून आणि सलिलही गेले. आजी-आजोबांनी मागाहून यावं, असं ठरता ठरता राहून गेलं. फ्लॅट रिकामा ठेवायचा नाही, आजींच्या गुडघ्याचे डॉक्टर इथले, अशी कारणं निघत गेली. शाळा उघडली त्या सकाळी परचुरे अंघोळ करून, बिल्ला हातात घेऊन बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. बिल्ल्यावर 'पालक' लिहिलेलं होतं. ते आता कोणाचे पालक?

"जाताय ना?" आनंदीबाईंनी विचारलं.

"आपलं मूल नाही तिथे."

"मग कोणी विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर झेंडी धरा."

कोणी विचारलं नाही. परचुऱ्यांचा कचेरीचा अनुभव असा, की एका खोलीतली बातमी शेजारच्या खोलीत कधी पोचत नाही. शाळा तरी वेगळी कशी असेल? सलिलच्या वर्गाला माहीत असणार, पण सुरुचीताई शिकवायच्या दुसऱ्याच वर्गाला. वल्लरीने एकदा सहज विचारलं, "सलिल काय म्हणतो?" परचुरे म्हणाले, "मजेत." हे काही खोटं नव्हतं. पण त्या दिवसापासून ते धास्तावले. मुख्याध्यापिका फाटकात दिसल्या की हे शिट्टी तोंडात धरून ठेवत, म्हणजे बोलायला नको. कोणीतरी बिल्ल्यावर बोट ठेवील आणि म्हणेल, आजोबा, आता तुम्ही या, ही भीती रोज झेंडीबरोबर उभी असे.

आणि पंधरा ऑगस्टला ते घडलंच. झेंडावंदन झाल्यावर सुरुचीताईंनी तिघांची नावं पुकारली. तिघांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. मुख्याध्यापिका माइकवर म्हणाल्या, "यांनी केलेल्या सेवेबद्दल शाळा यांची कायम ऋणी राहील." टाळ्या झाल्या. सोनूने सगळ्यात जास्त वाजवल्या.

परचुऱ्यांच्या कानात मात्र 'केलेल्या' हा शब्द घुमत राहिला. सरकारी कचेरीत उभा जन्म काढलेला माणूस तो. तिथे शाल अंगावर पडायची ती जाणाऱ्याच्या. नारळ हातात आला की दुसऱ्या दिवशी खुर्चीवर दुसरा बसलेला असायचा. म्हणजे यांना कळलं तर. आणि किती सभ्यपणे सांगितलं, चारचौघांत मान राखून. शाळेला दोष द्यायला जागा नव्हती. त्यांनी शिट्टी, झेंडी आणि बिल्ला टेबलावर नीट मांडून ठेवला आणि जिलबी न खाता घरी आले.

"माझं काम संपलं," ते एवढंच म्हणाले.

पुढच्या दिवसांत दुधाला जायचं तर ते मागच्या गल्लीने जात, कोपरा टाळून. पेपर वाचून झाला की पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करत. आनंदीबाईंनी केलेल्या भाजीला नावं ठेवणंही त्यांनी बंद केलं, तेव्हा मात्र बाई घाबरल्या. हा माणूस आतून खचला होता आणि कोणापुढे बोलणार नव्हता. त्यांनी नवऱ्याला न विचारता शाळेत फोन केला.

त्याच संध्याकाळी सुरुचीताई दारात उभ्या राहिल्या. आवाज पार बसला होता.

"काका, तब्येत बरी नाही का?"

"उत्तम आहे."

"मग येत का नाही?"

परचुऱ्यांनी चष्मा काढला. "तुम्ही सत्कार केलात."

"केला. मग?"

"मग काय? झाला की."

सुरुचीताई खुर्चीत मटकन बसल्या. "तुम्हीसुद्धा! उत्तरेश्वरला फोन केला, तर म्हणतो, 'सत्कार झाला म्हनल्यावर आपली टर्म संपली न्हवं का, बाई.' वल्लरी म्हणते तिला वाटलं, नेक्स्ट बॅच येणार. अहो, स्वयंसेवक टिकत नाहीत, चार महिन्यांत गळतात, त्यांचं कौतुक करा म्हणजे टिकतील, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. तुम्ही टिकावेत म्हणून मी शाली आणल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यावर मी एकटी!"

"सत्कार केल्यावर माणूस टिकतो?" परचुऱ्यांनी विचारलं. "पुण्यात?"

"चुकलं माझं. पण काका, पलीकडची निम्मी मुलं येईनाशी झाली आहेत. मी एका बाजूच्या गाड्या थांबवते तोवर दुसरीकडच्या सुटतात. सोनूच्या आईने निरोप पाठवलाय, आजोबा असतील तरच पाठवीन म्हणून."

परचुऱ्यांना एकदम रडू आल्यासारखं झालं आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला. हीच वेळ होती. हो म्हणून टाकलं असतं तर सगळं पूर्ववत झालं असतं, त्या रोजच्या धास्तीसकट. पण ती धास्ती घेऊन उभं राहणं आता त्यांच्याने होणार नव्हतं.

"ताई, मला येता यायचं नाही," ते म्हणाले. "मी पालक नाही. सलिल जूनमध्येच गेला. इतके दिवस तो बिल्ला मी उगाच घालत होतो. हवं तर मुख्याध्यापिकांना सांगा."

सुरुचीताईंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "काका, तुमच्या सूनबाई जायच्या आधी शिक्षकखोलीत पेढे घेऊन आल्या होत्या. मी दोन खाल्ले. मुख्याध्यापिकांनी तीन."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या शाळेला माहीत होतं. शिपाईमामांनाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही दुसऱ्या दिवशी आला असतात?" ताईंचा बसलेला आवाज आणखी बसला. "आम्हीच घाबरलो होतो. रोज सकाळी खिडकीतून बघायचो, परचुरे आजोबा आले का. आलेले दिसले की मुख्याध्यापिका म्हणायच्या, चला, आजचा दिवस निभावला."

परचुरे उठले आणि पाणी प्यायला आत गेले. पाणी प्यायला त्यांना बराच वेळ लागला. आनंदीबाईंनी त्यांच्या मागे जायचा मोह आवरला आणि ताईंना चहा विचारला.

बाहेर आले ते पुन्हा पेठेतले परचुरे होऊन. "उत्तरेश्वरचा नंबर लावा," त्यांनी हुकूम सोडला. पलीकडून "हॅलो" येताच म्हणाले, "सत्कार विसरा. उद्या नेहमीच्या वेळी कोपऱ्यावर या." "व्हय आजोबा, हाय की मी," एवढं उत्तर पुरेसं होतं. वल्लरीलाही तेच सांगितलं. ती "ओ माय गॉड, थँक यू काका" म्हणाली तेव्हा ते घाईने म्हणाले, "आभार नकोत. आभारांचे परिणाम आपण पाहिले." सुरुचीताई चहा पिता पिता ठसकल्या.

सकाळी कोपऱ्यावर नेहमीची झुंबड होती. उत्तरेश्वर डावीकडे, वल्लरी उजवीकडे, मधोमध झेंडी. पलीकडून मुलांचा घोळका ओरडत आला. सोनूने धावत येऊन बोट धरलं ते असं घट्ट, की परचुऱ्यांना शिट्टी दुसऱ्या हाताने धरावी लागली. मुलं शाळेच्या फाटकात शिरली, गाड्या सुटल्या. वल्लरीची बस अजून आली नव्हती. ती सहज म्हणाली, "काका, सलिल बऱ्याच दिवसांत दिसला नाही?"

परचुऱ्यांनी शिट्टी तोंडातून काढली. त्या रस्त्यावर, त्या गोंगाटात, अख्ख्या वारज्याला ऐकू जावं अशा आवाजात ते म्हणाले, "तो बंगळूरला असतो, जूनपासून. मी इथे असतो."