सात आकाशगंगा

पडद्यावर आपलाच आलेख झळकला, आणि उर्मिलाचं डोकं भणाणलं. रंगसुद्धा तिने निवडलेलेच होते.

"हे मी आणि माझ्या विद्यार्थ्याने, नीरजने शोधून काढलं," डॉ. गुणवंत माइकवर सांगत होते. भाईंदर पश्चिमेच्या त्या सभागृहात रविवारी सकाळी दीडएकशे माणसं जमली होती. उर्मिलाचे पीएचडीचे गाइड आपल्या गावाजवळ येणार म्हणून राई गावाहून तिची आई दुर्गाही नवी साडी नेसून आली होती.

तीन वर्षं उर्मिला अकरा अतिदूरच्या आकाशगंगांवर काम करत होती. त्यांच्यात तारे अजून धडाधड जन्मत होते. केंद्रापासून कडेपर्यंत तिथला वायू किती वेगाने फिरतो हे मोजायचं, त्यावरून एकूण वजन काढायचं, त्यातून तारे आणि वायू यांचं वजन वजा करायचं, की उरतं ते न दिसणारं कृष्णद्रव्य. ते केंद्रात दाटून असणार, असंच सगळे धरून चालले होते. मोजून झालेल्या सात आकाशगंगांत मात्र ते सपाट पसरलेलं निघालं.

"चूक आहे तुझी. कचरा आहे हा, काढून टाक," गेल्या वर्षी हेच सर म्हणाले होते. वर्षभर तिच्याकडून तीच तीच आकडेमोड करून घेतली होती. आणि २००८ च्या सुरुवातीला परदेशातल्या एका गटाला तसंच काहीसं सापडल्याची कुणकुण लागली, तेव्हा कचऱ्याचं सोनं झालं.

"आई, हे माझं काम आहे," ती दातओठ खात पुटपुटली.

"तुजंच हाय ना? मंग गप का बसलीस?"

उर्मिला उभी राहिली. "सर, या सातही आकाशगंगा तुम्ही मला फेकून द्यायला सांगितल्या होत्या."

डॉ. गुणवंत हसले. "ही आमची विद्यार्थिनी. आकडेमोडीत तिची मदत झाली."

"मदत?" तिचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "नीरज, तिसऱ्या आकाशगंगेचं केंद्र बाजूला का सरकवलंय, सांग."

पहिल्या रांगेतला नीरज सरांकडे बघू लागला. मग खाली.

"धुळीने अर्धे तारे झाकलेत म्हणून! सगळ्यात उजळ जागा म्हणजे केंद्र नव्हे. तिथून मोजलं तर वेगाचा सगळा हिशेबच चुकतो. हे कळायला मला चार महिने लागले."

"ही जागा नाही या गोष्टींची," सर गुरकावले.

"माझं काम इथे दाखवायला जागा होती ना?"

कुणीतरी "बसा, बसा" म्हणालं. ती बसली नाही. आईचा हात धरून बाहेर पडली.

सोमवारी तिने तारखांसकट सगळ्या वह्या संस्थेच्या संचालकांच्या टेबलावर आपटल्या. चौकशी दोन महिने चालली. नीरजने खरं काय ते लिहून दिलं. शोधनिबंधावर उर्मिलाचं नाव पहिलं आलं, तिला गाइडही दुसरे मिळाले. डॉ. गुणवंतांचं नाव मात्र शेवटी राहिलंच; साधी माफीसुद्धा कुणी मागितली नाही.

"मिळालं ना सगळं?" संचालक म्हणाले. "आता राग सोडा."

"वर्ष गेलं माझं, सर. ते कोण देणार?"

उर्मिलाने वह्या उचलल्या आणि दार धाडकन लोटून ती कामाला गेली. उरलेल्या चार आकाशगंगांचं मोजमाप अजून व्हायचं होतं.