जाफर परकार, स्वयंपाकी

सौदीत राबिघ शहराच्या वाटेवर बाटल्यांत पाणी भरण्याचा एक कारखाना होता. तिथे जाफर परकार अठरा वर्षं इंजिनिअर होते आणि त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यावर, अठरा वर्षं 'स्वयंपाकी' लिहिलेलं होतं. ते आले तेव्हा कफीलकडे, म्हणजे त्यांना बोलावून घेणाऱ्या मालकाकडे, इंजिनिअरचा व्हिसा शिल्लक नव्हता, स्वयंपाक्याचा होता. नंतर बदलू, असं ठरलं. ते 'नंतर' काही उजाडलं नाही. मधल्या काळात परकारांनी तीन पेटंटं मिळवली. पहिलं होतं बाटली मानेशी धरणाऱ्या चिमट्याचं; ते त्यांना बायकोच्या, सफूराच्या, सांडशीवरून सुचलं. त्या यंत्रावर पितळी पाटी होती : संशोधक, जाफर परकार.

मग सौदीकरण आलं : ठरावीक नोकऱ्या सौदींनाच. इंजिनिअरच्या जागेवर इब्राहीम नावाचा तरुण सौदी नेमला गेला. पोरगा भला होता, परकारांकडूनच काम शिकत होता. रविवारी तपासणी आहे, असं मॅनेजरने सांगितलं. इकाम्यावर एक काम आणि हातात दुसरं सापडलं, तर परकारांची थेट मायदेशी पाठवणी. मुलगी इकरा तिथल्याच शाळेत बारावीला, परीक्षा तीन महिन्यांवर. परकारांनी मुकाट्याने मेसचा ॲप्रन बांधला.

सफूराने वाटण करून दिलं आणि माशाच्या कालवणाची कृती कागदावर लिहून दिली. त्यात मीठ 'अंदाजाने' होतं. अंदाज हा प्रकार परकारांना जन्मात जमला नव्हता. त्यांनी तिला फोन करून ग्रॅम विचारले आणि लॅबमधला वजनकाटा आणला.

कालवणाला उकळी आली आणि बाहेरचा आवाज बदलला. बाटल्या पडू लागल्या होत्या. चिमटा ढिला झालाय, हे त्यांना भिंतीअलीकडून कळलं. पाय दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. तेवढ्यात इब्राहीम धावत आत आला, त्याच्यामागे तपासनीस. इंजिनिअरचं स्वयंपाकघरात काय काम, असं त्याने विचारलं. पाणी प्यायला आलो, इब्राहीम म्हणाला. कारखाना पाण्याचाच होता. परकारांनी ग्लास भरून दिला, सांडशी उचलली, इब्राहीमकडे बघत तिच्या खिळ्यावर बोटांनी अर्धा फेरा फिरवल्यासारखं केलं आणि पातेलं उतरवलं. इब्राहीम पाणी न पिताच गेला. पाच मिनिटांत यंत्र सुरू झालं.

तपासनीस जेवायला बसला. दोनदा भात घेतला. मग त्याने इकामा मागितला, वाचला आणि मान वर केली.

"यंत्रावरच्या पाटीवर हेच नाव आहे."

परकारांनी त्याच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली.

"तो दुसरा. गेला परत."

"हुशार असणार."

"होता," परकार म्हणाले.

तपासनिसाने कागदावर खूण केली आणि हात धुतले. इकराची परीक्षा वाचली होती. परकारांना मात्र स्वतःच्याच मयताला जाऊन आल्यासारखं वाटत होतं, आणि पातेली घासताना ते थोडे रडले.

संध्याकाळी इब्राहीमने पाटीचे स्क्रू काढले, पाटी पुसली आणि घरी न्यायला त्यांच्या हातात दिली. सोबत मॅनेजरचा निरोप होता : तपासनिसाने जेवणाची फार तारीफ केली, उद्यापासून मेसचंही तेवढं तुम्हीच बघा.

मीठ किती ग्रॅम, ते परकारांनी लिहून ठेवलेलं होतंच.