पुलावरचा धर्मबाप

सरहद्दीच्या पुलावरच्या नाक्यावर लिबार्दो शिपाई आहे. त्याला मी माझ्या जायरोचा धर्मबाप केला. बाप्तिस्म्याच्या जेवणात त्याला मानाचं म्हणून अख्खं गिनीपिग भाजून वाढलं, शिवाय जाताना एक कोंबडी बांधून दिली. नाक्यावरचा माणूस घरचा झाला की माझी स्ट्रॉबेरीची टोपली सुखानं पलीकडे कोलंबियात जाईल, एवढाच माझा विचार.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. परका होता तोवर हा माणूस मला लांबूनच हातानं ‘जा’ म्हणायचा. टोपलीभर मालाला कोण विचारतं? बाप्तिस्मा झाला, पोराचा धर्मबाप म्हणून तो माझा कोम्पाद्रे झाला, पोराची आई म्हणून मी त्याची कोमाद्रे झाले, आणि लगेच पुढच्या खेपेला त्यानं माझी टोपली तळापर्यंत उपसली.

“तपासणीचा कागद कुठाय, कोमाद्रे?”

“अहो, आजवर कुठं लागत होता?”

“आजवर तुम्ही माझ्या कोण होतात? आता सोडलं तर लोक म्हणतील, घरच्या बाईला सोडतो.”

मग मी तपासणीच्या खिडकीपाशी रांगेत. ऊन चढायचं, तळची फळं पाणी सोडायची. हे नातं की वैर, मला काही कळेना. घरी नवऱ्यावर चिडले.

“दुसऱ्या शिपायाच्या बाजूनं जा की,” सेगुंदो म्हणाला.

तेही करून पाहिलं. लिबार्दो लांबून हाक मारायचा, “कोमाद्रे, जायरो कसा आहे?” आमच्याकडे कोम्पाद्रेची हाक आली की थांबायचं, हात हातात घ्यायचा, घरादाराची विचारपूस करायची. न थांबणाऱ्या बाईला मग गावात कुत्रंही विचारत नाही. आणि थांबले की टोपली त्याच्यापुढं आलीच.

अशात पुलापलीकडच्या इपियालेस गावातल्या केकवाल्या मेल्बाबाईनं मला बजावलं, “शुक्रवारी दुकान उघडायच्या आत ताजा माल आण. चांगला निघाला तर दर शुक्रवारी तुझ्याकडूनच घेईन. पाणी सुटलेला आणलास तर परत तोंड दाखवू नकोस.”

त्या शुक्रवारी मी पुलावर गर्दीत घुसले. हाक आलीच. “कोमाद्रे!” मी शाल डोक्यावरून पुढं ओढली आणि चालत राहिले. पुन्हा हाक आली नाही.

मेल्बानं एक फळ चावून पाहिलं आणि मान डोलावली. दर शुक्रवारचं गिऱ्हाईक पक्कं झालं. मला आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन मी उगाचच सेगुंदोवर ओरडले.

पुढच्या शुक्रवारी टोपली घेऊन मुद्दाम लिबार्दोच्या बाजूनं गेले. म्हटलं, काय बोलायचं ते बोलू दे. त्यानं माझ्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहतात तसं, आणि लांबूनच हात हलवला.

“चला बाई, पुढं व्हा.”

बाई. मला हवं होतं ते हेच तर होतं. टोपली भरलेली, वाट मोकळी, पलीकडे मेल्बा दुकान उघडत असणार. चार पावलं गेलेसुद्धा. पण पुढं पाऊलच पडेना. मागची माणसं ढकलायला लागली. माझ्या पोराला धर्मबाप उरला होता की नाही, तेही मला सांगता आलं नसतं.

मी मागं वळले. टोपली त्याच्या बुटांपाशी ठेवली आणि वरचा ओला फडका काढला.

“तपासा, कोम्पाद्रे.”

तो टोपलीकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. त्याला बिचाऱ्याला माझ्यापेक्षाही कमी कळत होतं. मग तो गुडघ्यावर बसला आणि एकेक फळ बाजूला करून थेट तळापर्यंत पोचला.

“कागद?”

“नाही.”

“मग खिडकीपाशी रांगेत उभ्या राहा, कोमाद्रे.”

मी जाऊन उभी राहिले. रांग लांब होती, ऊन चढत होतं. मेल्बाला काय सांगायचं, डोकं चालेना. तेवढ्यात मागून हाक आली.

“जायरो कसा आहे?”