बिनचकतीचा शॉवर

मित्रांनो, नळ सोडला की तुमच्या डोक्यावर पाणी शिंपडणारा मी शॉवर आहे. कोल्हापुरात कळंब्याच्या रस्त्याला मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथल्या दुसऱ्या मजल्यावर, तीन नंबरच्या न्हाणीघरात माझं बिऱ्हाड. आपली कहाणी सांगताना सगळे छाती फुगवतात. मला मात्र ती मान खाली घालूनच सांगावी लागेल.

माझा जन्म कारखान्यातला. अंग प्लास्टिकचं, वर चांदीसारखा मुलामा. पण माझी खरी किंमत पोटात होती. तिथं रुपयाएवढी, बारीक भोकांची एक चकती होती. ती पाणी अडवायची आणि बेतानं सोडायची. साधा शॉवर अडीच-तीन बादल्या ओततो, तिथं माझं एका बादलीत भागायचं.

वसतिगृहाच्या नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. गच्चीवरची टाकी चाळीस मुलींना पुरत नसे. म्हणून रेक्टर प्रभावती मॅडमनी माझ्यासारखे सहा शॉवर आणवले. जोतीराम प्लंबरनं मला भिंतीत बसवलं आणि थोपटून म्हणाला, "धार बारीक हाय, पर काम चोख करतंय बघा."

त्या वर्षी टाकीतलं पाणी दुपारपर्यंत टिकू लागलं. याचा सगळ्यांत जास्त आनंद झाला तो नीलम्मा मावशींना. पहाटे मोटर लावून टाकी भरायची त्यांनीच आणि मुली कॉलेजला गेल्या की उरलेल्या पाण्यात भांडी, फरशी, न्हाणीघरं धुवायची तीही त्यांनीच. महिन्यातून एकदा त्या लिंबाच्या सालीनं माझ्या तोंडावरचा पांढरा क्षार घासून काढायच्या. एवढ्या प्रेमानं मला दुसऱ्या कुणी कधी हात लावला नाही.

पुढच्या वर्षी शिरोळची रक्षिता राहायला आली. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. मनानं चांगली, पण उतावळी. केस कमरेपर्यंत आणि दाट. माझ्या बारीक धारेखाली शाम्पू लवकर निघेना, की ती वैतागायची.

"ह्ये काय पाणी म्हणायचं का थुंकी? आमच्यात मळ्यात मोटर सुरू केली की पाट भरून वाहतंय!"

एका रविवारी ती कुणाकडून तरी पकड घेऊन आली. स्टुलावर चढून तिनं मला फिरवून काढलं, केसातल्या पिनेनं चकती उचकटली, कचऱ्यात टाकली आणि मला पुन्हा जागेवर बसवलं. नळ सोडताच मी धो धो कोसळलो. "आत्ता कसं!" म्हणून ती हसली.

मित्रांनो, मी खोटं सांगणार नाही. मला ते आवडलं. आजवर चुळकाभर पाणी देणाऱ्या मला आता जोर आला होता. "तीन नंबर लई भारी हाय," असं म्हणत मुली माझ्या दारात रांग लावू लागल्या. बाकीची न्हाणीघरं मोकळी असत. रांग बघून मी आणखी फुगायचो. वर टाकीचं काय होतंय, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

टाकी साडेसातलाच कोरडी पडू लागली. अंगणातल्या हौदाच्या तळाचं, मोटरला ओढता न येणारं पाणी बादल्यांत भरून मावशी दोन जिने चढू लागल्या. गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी.

एका सकाळी प्रभावती मॅडमनी त्यांना माझ्याच दारासमोर गाठलं. "नीलम्मा, तुम्ही मोटर वेळेवर लावत नाही. टाकी अर्धीच भरता आणि झोपता."

"न्हाय ओ मॅडम. काठोकाठ भरतो मी. बसवण्णाची आण."

"मग पाणी जातं कुठं? मला कारणं नकोत. एक तारखेपासून मी दुसरी बाई बघते."

रक्षिता तेव्हा केसांना टॉवेल गुंडाळून दारात उभी होती. मावशींनी तिच्याकडं पाहिलं. पोरगी आपल्या बाजूनं एखादा शब्द बोलेल, असं त्यांना वाटलं असावं. रक्षितानं नजर फरशीकडं वळवली आणि ती खोलीत निघून गेली. मला तर तोंड असून वाचा नाही.

दोनच दिवसांनी रक्षिताचा पेपर होता. तिनं डोकं शाम्पूनं माखलं, नळ सोडला, आणि माझ्यातून नुसती हवा फुसफुसली. डोळे मिटून ती ओरडली, "मावशी! पाणी!"

मावशी आल्या. धापा टाकत त्यांनी एक बादली ठेवली. रक्षिताला खाली वाकवलं आणि तांब्यानं थोडं थोडं पाणी सोडत, बोटांनी एकेक बट मोकळी करत सगळा फेस काढला. बादलीच्या तळाशी दोन तांबे पाणी उरलं.

"बघ, निघालं का न्हाय? केसाला पाणी न्हवं पोरी, सवड लागती."

रक्षिताचे खांदे हलू लागले. "डोळ्यात शाम्पू गेला," ती म्हणाली. मावशींनी पदरानं तिचे डोळे पुसले.

संध्याकाळी रक्षिता मॅडमना आणि मावशींना घेऊन न्हाणीघरात आली. हातात पकड होती. तिनं मला सर्वांसमोर काढून उलटं धरलं. माझं रिकामं पोट त्या तिघींनी पाहिलं. त्या क्षणी वितळून जावंसं वाटलं मला.

"ह्याच्यातली चकती मी काढली, मॅडम. मावशींचं काय बी चुकलं न्हाय."

मॅडमचा चेहरा उतरला. "नीलम्मा, माझं चुकलं," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही कुठं जाऊ नका."

मावशींनी रक्षिताकडं वळून पाहिलं. रागानं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. "त्या दिवशी का बोलली न्हाईस गं? तुझ्याम्होरंच हुतो की मी."



मावशी राहिल्या नाहीत. हुपरीला भावाच्या घरी चांदीच्या पैंजणांचं काम चालतं, तिथं घुंगरू जोडायला येते असा निरोप त्यांनी आधीच धाडला होता. "एकदा बोल लागला तिथं मन लागत न्हाय," एवढंच त्या म्हणाल्या.

जोतीरामनं मला नवी चकती बसवली. रक्षिता आता साबण लावताना नळ बंद करते आणि केस धुवायला तांब्या घेते. दुपारी दोनलाही टाकीत पाणी असतं. पण दोन जिने चढून ज्यांचे गुडघे झिजले, त्या मावशी ते बघायला इथं नाहीत.

म्हणून मित्रांनो, एक विनवणी आहे. पाणी जपून वापरा. तुमचा नळ सैल सुटला, की कुणाच्या तरी हातात बादली येते. आणि तुमच्या चुकीचा बोल दुसऱ्याला लागत असेल, तर त्याच घडीला तोंड उघडा. रिकामी झालेली टाकी दुसऱ्या दिवशी पुन्हा भरते. मावशी काही परत आल्या नाहीत.